‘आज घर फार शांत आहे’ म्हणजे नेमके काय?

वाचकाचे पत्र

मी ३९ वर्षांची आहे, माझे पती ४२ वर्षांचे. लग्नाला १३ वर्षे झाली. नोकरीमुळे गेले दहा महिने ते दुसऱ्या शहरात राहतात आणि महिन्यातून एकदा दोन दिवसांसाठी घरी येतात. आमचे रोजचे बोलणे मेसेजवर चालते आणि ते बहुतेक बिले, शाळेच्या सूचना, औषधे यांविषयी असते. गेल्या महिन्यात एका रात्री मी धीर करून ‘आज घर फार शांत आहे’ असे लिहिले. एवढे लिहायला मला वीस मिनिटे लागली. त्यांचे उत्तर आले, ‘मुले झोपली का?’ मी ‘हो’ लिहून फोन बाजूला ठेवला. आठवड्याने रात्री पावणेबाराला त्यांचा मेसेज आला, ‘एक फोटो पाठव ना. तसा.’ मी दचकले. उत्तर दिले नाही आणि सकाळी, झोप लागली होती असे सांगितले. त्यानंतर दोघांनीही तो विषय काढलेला नाही. माझी एक मैत्रीण म्हणते, हे लग्नाआधीचे चाळे, आता शोभत नाहीत. मला मात्र ते हवे आहे; कसे, ते कळत नाही. मराठीत लिहायला लाज वाटते आणि इंग्रजीत लिहिले तर दुसऱ्या कोणाचे वाक्य उचलल्यासारखे वाटते. फोटोचे काय करावे? आणि त्या मेसेजला आता, इतक्या दिवसांनी, उत्तर द्यावे का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

मैत्रिणीचा मुद्दा आधी हातावेगळा करतो. दोन सज्ञान माणसे एकमेकांच्या संमतीने, एकमेकांपुरते जे लिहितात, त्याला वयाची किंवा लग्नाच्या वर्षांची अट नाही. तुमच्या मैत्रिणीला ते आवडत नसेल तर त्यांनी ते करू नये. त्यांच्या मताचा उपयोग तेवढाच आहे.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पत्रातले ते दोन मेसेज मी शेजारी शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा वाचले आणि मला असे वाटते की तुम्हा दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, दोघांनीही आठवड्याच्या अंतराने एकमेकांना हाक दिली आणि दोन्ही वेळा ती हाक वाया गेली. तुमच्या हाकेवर इतकी वस्त्रे होती की आत कोण आहे ते त्यांना दिसले नाही. त्यांची हाक इतकी उघडी होती की तुम्ही नजर वळवली. दोष कोणाचाच नाही. तेरा वर्षे एका छताखाली राहिलेल्या जोडप्याला असे काही लिहून सांगण्याची वेळच आलेली नसते. हाताचा स्पर्श, दिवा घालवण्याची पद्धत, स्वयंपाकघरात विनाकारण रेंगाळणे अशा खुणांवर काम भागत असते आणि त्यांतली एकही खूण फोनच्या पडद्यावरून पलीकडे जात नाही.

‘आज घर फार शांत आहे’ हे वाक्य तुम्ही लिहिले तेव्हा ते तुमच्या मनात एका विशिष्ट आवाजात, विशिष्ट शब्दावर रेंगाळत उमटले असणार. तुम्हाला तो आवाज इतका स्पष्ट ऐकू येत होता की तो अक्षरांबरोबर गेलेला नाही, हे तुमच्या ध्यानातच आले नाही. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये याच गोष्टीवर संशोधन प्रसिद्ध केले. त्यात काही जणांनी गंभीर आणि उपरोधिक अशी दोन्ही प्रकारची वाक्ये ईमेलने पाठवली. वाचणाऱ्याने कोणते वाक्य कोणत्या सुरातले ते ओळखायचे होते. पाठवणाऱ्यांचा अंदाज होता की सुमारे ७८ टक्के वेळा ओळख बरोबर येईल. प्रत्यक्षात ती ५६ टक्के वेळाच बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून ठरवले असते त्यापेक्षा फारसे जास्त नाही. अशीच वाक्ये आवाजात ऐकवली तेव्हा मात्र ओळखणाऱ्यांचे प्रमाण पाठवणाऱ्यांच्या अंदाजाच्या बरेच जवळ गेले. उपरोधाची ही अवस्था, तर लाजत लाजत केलेल्या सूचनेची काय होत असेल याची कल्पना करा. तुमच्या पतींनी तुम्हाला झिडकारले नाही. त्यांच्यापर्यंत जे पोहोचले, ते घरातल्या शांततेचे वृत्त होते.

म्हणून पहिली दुरुस्ती अगदी लहान आहे. ते वाक्य खोडू नका, ते चांगले आहे. त्याच्यापुढे आणखी एक वाक्य लिहा. ‘आज घर फार शांत आहे. तू इथे असतास तर मी तुला लवकर झोपू दिले नसते.’ बघा, यात शरीराचा उल्लेख नाही, धीट म्हणावा असा एकही शब्द नाही, तरीही याचा दुसरा अर्थ लावायला फार मोठा अरसिक लागेल. पहिल्या वाक्यात परिस्थिती होती, दुसऱ्यात ‘तू’ आला आणि ‘मी’ आले. सूचक लिहिणे म्हणजे अर्थ लपवणे नव्हे. अर्थ पूर्ण कळावा आणि चित्र तेवढे वाचणाऱ्याने मनात पुरे करावे, इतपतच झाकायचे असते.

आता त्यांच्या मेसेजकडे वळू. त्यांनी विचारले, यात काही वावगे नाही. तुमच्या दचकण्याचे कारण मला दुसरे दिसते. दिवसभर औषधांची यादी आणि शाळेची सूचना, आणि मग पावणेबाराला एकदम ‘तसा’ फोटो. मधली पायरीच नाही. शिवाय त्या दोन वाक्यांत तुमच्याविषयी एक अक्षर नाही, मागणी तेवढी आहे. आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे, की त्याला नकार देण्याची सोपी वाट त्यांनी ठेवली नव्हती, त्यामुळे तुम्हाला झोपेचे सोंग घ्यावे लागले. ‘मघापासून तुझी आठवण येते आहे, तीही साधी नाही. बोलायचे आहे का, की दमली आहेस?’ असे ते लिहिते तर इच्छा तितकीच उघड असती आणि ‘दमले आहे’ म्हणायला तुम्हाला कष्ट पडले नसते. प्रियाराधनाच्या मेसेजला मी हीच कसोटी लावतो: त्याचा अर्थ स्पष्ट असावा आणि त्याला ‘नाही’ म्हणणे सोपे असावे. तुमचे वाक्य पहिल्या अटीत अडखळले, त्यांचे दुसऱ्या.

हे ‘नाही’ आधीच ठरवून ठेवणे फार उपयोगी पडते आणि ते ऐन रंगात ठरवता येत नाही. ते पुढच्या वेळी घरी येतील तेव्हा, किंवा एखाद्या दुपारी फोनवर, साध्या आवाजात बोलून घ्या. काय आवडते, काय अजिबात नको, कोणत्या वेळी नको, आणि मध्येच थांबायचे असेल तर कोणता शब्द लिहायचा. ‘आज नको, पण विचारलेस ते आवडले’ असे एक तयार वाक्य दोघांकडेही असावे. त्यात नकार आहे आणि दार उघडे असल्याची खूणही आहे. त्यावर ‘का?’ असा उलट प्रश्न यायचा नाही, हेही ठरवा. उत्तर न येणे म्हणजे होकार नव्हे, काल चालले म्हणून आज चालेलच असे नाही आणि लग्न झाले म्हणून विचारायचे कारण उरत नाही, असेही नाही. हे तुम्हाला जितके लागू, तितकेच त्यांनाही. पुरुषाला असे काही नेहमीच हवे असते, असे आपण गृहीत धरतो. दिवसभराच्या कामाने पिळून निघालेल्या माणसाला तुमचा सुंदर मेसेज वाचूनही फक्त झोपावेसे वाटू शकते.

भाषेविषयी तुम्ही जे लिहिले आहे ते मला पत्रातले सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटले. मराठीत लाज वाटते याचे एक कारण असे की शरीरासाठी आपल्या कानांवर पडलेले शब्द दोनच ठिकाणचे असतात, एक तर पाठ्यपुस्तकातले नाही तर शिवीतले. पहिले वापरले तर तपासणीचा अहवाल वाचल्यासारखे वाटते, दुसरे वापरले तर जीभ अडते. मधली भाषा प्रत्येक जोडप्याला स्वतःची घडवावी लागते आणि तुमच्याकडे त्यासाठी तेरा वर्षांचा ऐवज आहे. अवयवांची नावे घेण्याची गरजच नाही. पाहिलेले, आठवलेले, बारीक काहीतरी लिहा. समजा, व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता ते शर्टाच्या बाह्या दुमडत होते. कॉल संपल्यावर अर्ध्या तासाने लिहा: ‘मघाशी तू बाही दुमडत होतास. तू काय बोलत होतास ते मी ऐकलेच नाही, मनगटाकडे बघत होते.’ हे वाक्य जगात दुसऱ्या कोणालाही पाठवता येणार नाही, कारण ते मनगट त्यांचेच आहे आणि तो कॉल तुमचाच होता. ‘मिस यू’ आणि त्यामागे तीन लाल हृदये यांत वाईट काही नाही, पण ती कोणीही कोणालाही पाठवू शकतो. गुलाबाच्या चित्रावर कवितेच्या चार ओळी छापलेले जे फॉरवर्ड फिरत असतात, त्यांच्याविषयी माझे मत विचारू नका. एकच सांगतो, पाठवणाऱ्याने त्यासाठी वीस मिनिटे घालवलेली नसतात, हे वाचणाऱ्याला कळते.

तुमच्या दोघांत एखादे जुने टोपणनाव असेल, एखादा फसलेला प्रवास असेल, दुसऱ्या कोणाला न कळणारा विनोद असेल. त्यांना बाहेर काढा. एखाद्या प्रवासात पावसात भिजून रात्री खोलीवर पोहोचला असाल, तर ‘पाऊस आला’ एवढे दोन शब्द आयुष्यभर पुरतात. मुलाने तो मेसेज पाहिला तरी त्याला हवामानच दिसेल. मात्र असा सांकेतिक शब्द दोघांनाही ठाऊक असावा लागतो. तुमची शांतता फक्त तुम्हाला ठाऊक होती. आणि इंग्रजीत एखादे वाक्य आपसूक सुचले तर तेही लिहा, त्यात काही बिघडत नाही. उसने वाटते ते भाषेमुळे नव्हे, नेमकेपणा नसल्यामुळे.

वेळेचाही विचार करायला हवा. तुम्ही दोघांनीही रात्र निवडली, कारण दिवसभर सवड नसते. पण रात्री दहानंतर दमलेल्या शरीराला एकदम इच्छेच्या गावाला नेणे अवघड असते. रोझमेरी बॅसन या कॅनडातल्या डॉक्टरांनी २००० मध्ये स्त्रियांच्या लैंगिक प्रतिसादाविषयी जी मांडणी केली, तिचा गाभा असा की इच्छा दर वेळी आधी येतेच असे नाही. अनेकींच्या बाबतीत जवळीक, कौतुक, स्पर्श हे आधी येते आणि त्याला प्रतिसाद देता देता इच्छा जागी होते. याचा अर्थ आग्रह करून इच्छा जागवता येते असा कोणी काढू नये. याचा अर्थ इतकाच की पावणेबाराला तुम्हाला काही वाटले नाही म्हणून तुमच्यात काही उणे नाही. त्यांचा एखादा मेसेज दुपारी तीनला आला असता आणि तो दिवसभर तुमच्या मनात घोळत राहिला असता, तर रात्रीचे उत्तर कदाचित वेगळे असते. मेसेजचे फोनपेक्षा वेगळे सामर्थ्य हेच आहे, तो थांबून राहतो. तुम्ही तो कामाच्या मध्ये पुन्हा उघडून वाचू शकता. त्याच कारणाने निळ्या खुणांवर डोळा ठेवून बसू नका. २०१४ मध्ये व्हॉट्सॲपवर त्या खुणा आल्या आणि ‘वाचले आणि उत्तर दिले नाही’ हा एक नवा राग जन्माला आला. माणसे मीटिंगमध्ये, रांगेत, सहकाऱ्याच्या शेजारी बसून मेसेज वाचतात. तुमच्या मनगटाच्या वाक्याला तिथे बसून काय उत्तर देणार? फार त्रास होत असेल तर सेटिंगमध्ये त्या खुणा बंद करता येतात, फक्त मग तुम्हालाही त्यांच्या दिसत नाहीत.

दोन दिवसांच्या भेटीविषयी तुम्ही काही विचारलेले नाही, पण तिथे एक अडचण येऊ शकते म्हणून सांगतो. लिहिताना माणूस खोडतो, सुधारतो, हवे तेवढेच दाखवतो, त्यामुळे मेसेजमधला माणूस प्रत्यक्षापेक्षा धीट आणि मोकळा होतो. जोसेफ वॉल्थर या संज्ञापन अभ्यासकांनी १९९६ मध्येच मांडले होते की लिखित संवादातली जवळीक कधी कधी समोरासमोरच्या जवळिकीपेक्षाही गडद होते. मग तो माणूस बॅग घेऊन दारात उभा राहतो, चपला काढतो, पाणी मागतो आणि दोघांनाही काल रात्री लिहिलेले आठवून संकोच वाटतो. त्याला अपयश समजू नका. पहिली संध्याकाळ साधी जाऊ द्या. मेसेजमध्ये लिहिलेले म्हणजे भेटीत पाळायचे वचन नव्हे, हेही एकदा बोलून टाका. काही गोष्टी लिहायलाच छान वाटतात, त्या तिथेच राहू द्याव्यात.

आता फोटो. पहिले उत्तर असे की तुमची इच्छा नसेल तर पाठवू नका, आणि त्याला कारण देण्याची गरज नाही. इच्छा असेल तर काही गोष्टी माहीत असू द्या. व्हॉट्सॲपवरचे मेसेज २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, म्हणजे वाटेत ते कोणी वाचू शकत नाही. धोका वाटेत कमी आणि दोन टोकांच्या दोन फोनांत जास्त असतो. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो अनेक फोनांत आपोआप गॅलरीत जाऊन बसतो, तिथून तो ऑनलाइन साठवणीत जातो आणि ती साठवण घरातल्या टॅबवर किंवा टीव्हीवरही उघडलेली असू शकते. चॅटच्या बॅकअपला वेगळे कुलूप लावण्याची सोय २०२१ मध्ये आली, पण ते आपल्याला स्वतः सुरू करावे लागते. एकदाच उघडणाऱ्या फोटोची सोयही त्याच वर्षी आली आणि पुढे त्याचा स्क्रीनशॉट रोखण्याची व्यवस्थाही झाली. तरी दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढता येतोच. म्हणून तांत्रिक सोयी वापराव्यात, पण त्यांच्या भरवशावर असा फोटो पाठवू नये ज्यात चेहरा, जन्मखूण, ओळखीचा दागिना किंवा खोलीची भिंत एकत्र दिसते आहे. आणि कोणता फोटो ‘तसा’, हे तुम्ही ठरवू शकता. ओल्या केसांतून दिसणारी मान हाही ‘तसा’ फोटो आहे. पाठवण्याआधी पाहून झाल्यावर पुसायचा की ठेवायचा ते ठरवा आणि ठरले ते पाळा.

तुमच्या पतींवर संशय घेण्याचे काहीच कारण तुमच्या पत्रात नाही. तरीही हे वाचणाऱ्या एखाद्या दुसऱ्या वाचकासाठी लिहितो: कोणी असा फोटो बाहेर टाकण्याची धमकी देत असेल, तर डिसेंबर २०२१ पासून ‘स्टॉप एनसीआयआय’ (एनसीआयआय म्हणजे संमतीविना पसरवलेले खासगी फोटो) ही विनामूल्य आंतरराष्ट्रीय सेवा चालू आहे. अठरा वर्षांवरील कोणीही तिथे जाऊन आपल्या फोटोचा एक सांख्यिक ठसा स्वतःच्याच फोनवर तयार करू शकतो. फोटो फोनबाहेर जात नाही, फक्त ठसा जातो आणि सहभागी समाजमाध्यमे त्यावरून तो फोटो ओळखून अडवू शकतात.

बाकी खबरदारी घरगुती आहे. बंद पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसणार नाही अशी सेटिंग दोघांनीही करा, कारण तुमचा फोन मुलांच्या हातात जातच असणार. ठरावीक चॅटला कुलूप लावण्याची सोय २०२३ पासून आहे, तीही वापरा. मी स्वतः तर बिले, याद्या आणि सूचना एका ॲपवर आणि दोघांपुरते बोलणे दुसऱ्या ॲपवर, अशी विभागणी सुचवेन. त्या दुसऱ्या ॲपची घंटी वाजली की नुसत्या घंटीनेही चेहरा बदलतो, हा त्याचा आणखी एक फायदा. आणि पाठवण्यापूर्वी वरचे नाव वाचा. काही वर्षांपूर्वी मी पत्नीसाठी लिहिलेले ‘आज जरा लवकर ये, वाट बघतो आहे’ हे वाक्य गळका नळ दुरुस्त करणाऱ्या कारागिराला गेले. त्यांनी ‘चालेल साहेब, सहाला येतो’ असे कळवले आणि ते खरोखर सहाला आले. वाक्य सौम्य होते म्हणून निभावले.

राहिला तो जुना मेसेज. हो, त्याला उत्तर द्या. इतके दिवस गेले हेच त्या उत्तराचे सौंदर्य आहे, कारण त्यावरून त्यांना कळेल की तुम्ही तो विसरला नव्हता. झोपेचे सोंग कबूल करा, त्यात दोघांनाही हसता येईल. असे काहीसे: ‘त्या रात्री मी झोपले नव्हते. तू एकदम फोटो मागितलास आणि मी घाबरले. फोटोचे अजून ठरत नाही, पण तू मागितलास हे मला आवडले. आणि त्याआधी मी घर शांत आहे म्हणाले होते ना, ती बातमी नव्हती.’ हे दुपारी पाठवा. रात्री ते वाचून, काय लिहावे ते न सुचून, त्यांनी पुन्हा ‘मुले झोपली का?’ असेच विचारले, तर रागावू नका. मला तर दाट शंका आहे की गेल्या वेळीही तो प्रश्न केवळ मुलांविषयीचा नव्हता. ‘हो’ लिहा, आणि या वेळी फोन बाजूला ठेवू नका.